दौऱ्यावरचा शेवटचा मुक्काम

२ मार्च १९८६ हा रविवार होता. नाटकवाल्यांसाठी रविवार म्हणजे सुगीचा दिवस. त्या दिवशी अमरावतीत डॉ. काशिनाथ घाणेकर गेले. नाटकाच्या दौऱ्यावर ते विदर्भात आले होते. हृदयविकाराचा तीव्र झटका आला आणि सगळं संपलं. चिपळूणचा मुलगा, शिक्षणानं दाताचा डॉक्टर, आणि रंगभूमीवर नुसतं पाऊल टाकलं तरी थिएटर दणाणून सोडणारा हा नट घरापासून इतक्या लांब, वऱ्हाडाच्या मातीत अखेरचा थांबला.

अमरावतीहून यवतमाळ आणि तिथून आणखी सत्तरेक किलोमीटरवर आमचं पांढरकवडा. खुनी नदीच्या काठचं, केळापूर तालुक्याच्या ठाण्याचं, नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचं हे कापसाचं गाव. इथल्या बाजारात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी, कोलामी, हिंदी अशा सगळ्या भाषा कानावर पडतात. १९८६ साली अशा गावात बातमी पोचायची ती आकाशवाणीवरून, नाहीतर दुसऱ्या दिवशी नागपूरहून येणाऱ्या वर्तमानपत्रातून. मग ती पानटपरीवर, चहाच्या कँटीनमध्ये, शाळेच्या शिक्षक-खोलीत वाचली जायची. एकानं मोठ्यानं वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची. कुणी यवतमाळला, कुणी अमरावतीला, कुणी नागपूरच्या धनवटे रंगमंदिरात नाटक पाहून आलेला असायचा. ‘मी पाहिलाय त्याला’ हे वाक्य अशा वेळी फार वजनदार असतं.

घाणेकरांना पाहिलं होतं म्हणजे काय पाहिलं होतं? १९६२ साली वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ रंगभूमीवर आलं. शिवाजी आणि संभाजी या बापलेकांचं ते नाटक. त्याआधी मराठी नाटकांतला संभाजी बहुतेक वेळा बदफैली, उद्दाम असा रंगवलेला असे. कानेटकरांनी बापाच्या प्रेमासाठी आतून तुटत गेलेला मुलगा लिहिला आणि घाणेकरांनी तो उभा केला. पुढे १९६६ साली नाट्यसंपदेचं ‘अश्रूंची झाली फुले’ आलं. त्यात प्रभाकर पणशीकर प्राध्यापक विद्यानंद झाले आणि घाणेकर लाल्या. वाया गेलेला, मस्तवाल, पण मनानं निर्मळ असलेला हा विद्यार्थी त्या काळच्या पोरांनी डोक्यावर घेतला. केस, चाल, बोलण्याची ढब, सगळ्याची नक्कल कॉलेजाकॉलेजांत होऊ लागली. ‘इथे ओशाळला मृत्यू’मध्ये ते पुन्हा संभाजी झाले. जाहिरातीत सगळ्या नटांची नावं संपल्यावर शेवटी ‘आणि’ असा शब्द आणि मग त्यांचं नाव छापलं जायचं. तिकिटं एरवी नाटककाराच्या किंवा कंपनीच्या नावावर खपायची. इथं ती त्यांच्या एकट्याच्या नावावर खपत. ‘पाठलाग’, ‘मधुचंद्र’ असे चित्रपटही त्यांनी केले, पण माणसं वेडी झाली ती रंगमंचावरच्या काशिनाथसाठी. दारूनं त्यांचं बरंच नुकसान केलं, हे त्यांच्या पत्नी कांचन घाणेकर यांनीच ‘नाथ हा माझा’ या पुस्तकात मोकळेपणानं लिहिलं आहे. तरीही बोलावणं आलं की ते पुन्हा उभे राहत. अमरावतीला आले तेही नाटकासाठीच.

सिनेमातला नट गेला तरी त्याचं काम आपल्याजवळ राहतं. नाटकातल्या नटाचं तसं नसतं. पडदा पडला की त्या रात्रीचं काम संपलं. ते उरतं फक्त पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत आणि बोलण्यात. म्हणून नाटकातल्या नटाच्या बाबतीत चाहता नुसता चाहता नसतो, तो साक्षीदार असतो. या गोष्टीकडे आपण इतिहास म्हणून पाहिलेलंच नाही, असं मला वाटतं. नाटककारांचा इतिहास लिहिला गेला, कंपन्यांचा लिहिला गेला, मालकांच्या आत्मचरित्रांची कपाटं भरली. वऱ्हाडातल्या माणसानं नट कसा पाहिला, तो गेल्यावर कसा आठवला, हे मात्र कुणी मांडून ठेवलं नाही.

वऱ्हाडाचं आणि नाटकाचं नातं कापसानं जोडलं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण लोकांच्या तोंडी उगाच नाही. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला येऊन भिडली. पुढे कापूस वाहायला मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची ‘शकुंतला’ आगगाडी धावू लागली. रुईच्या गाठी जिकडे जात त्याच रुळांवरून उलट दिशेनं नाटक कंपन्या येत. जिनिंगचा हंगाम असला की हातात पैसा असे, रात्री मोकळ्या असत. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांना वऱ्हाड-नागपूरचा दौरा म्हणजे वर्षाची बेगमी. अमरावतीत दादासाहेब खापर्डे यांच्यासारखे नामांकित वकील नाटकांचे शौकीन होते. आणि अमरावतीनं नुसते प्रेक्षक दिले नाहीत, नाटककारही दिला: वीर वामनराव जोशी.

वामनरावांचं ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ १९१३ साली ललितकलादर्श मंडळीनं आणलं. त्यातली मृणालिनी केली केशवराव भोसले यांनी. केशवराव कोल्हापूरचे, जन्म ९ ऑगस्ट १८९०. लहानपणीच नाटकात आले, १९०८ साली हुबळीला स्वतःची ललितकलादर्श काढली. अमरावतीच्या देशभक्तानं लिहिलेली नायिका कोल्हापूरच्या या गायक नटानं घरोघरी पोचवली. म्हणजे केशवराव ज्यांना ‘आमचे’ वाटत, त्यांत वऱ्हाडातली माणसंही होती.

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले. मुंबईत पावसात लोटलेली ती गर्दी, चौपाटीवरचा अंत्यविधी, हे सगळं शाळेच्या पुस्तकात आहे. त्यानंतरच्या वर्षभरात काय घडलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. टिळकांच्या नावानं स्वराज्य फंड उभा राहिला आणि त्या फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झालं. नाटक टिळकांच्या ‘केसरी’तले त्यांचे सहकारी काकासाहेब खाडिलकर यांचं. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन प्रमुख नट एका रंगमंचावर उभे राहिले, कारण एक माणूस गेला होता आणि त्याच्या नावाचं काम पुढे न्यायचं होतं. मराठी माणसानं आपल्या नेत्याला वाहिलेल्या श्रद्धांजलींत याहून सुंदर श्रद्धांजली मला दिसत नाही. पुतळा नाही, ठराव नाही. दोन मोठे गळे आणि एक भरलेलं थिएटर.

आणि पुढे तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ ला, केशवराव पुण्यात विषमज्वरानं गेले. वय ३१. टिळकांसाठी जे जमले होते, त्यांना आता केशवरावांसाठी जमावं लागलं. कंपनी बंद पडली असती. बापूराव पेंढारकरांनी ती पडू दिली नाही. बापूरावांनंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी ललितकलादर्श चालवली. केशवरावांची खरी पुण्यतिथी दरवर्षी एकदा झाली नाही, ती ललितकलादर्शच्या प्रत्येक नांदीला झाली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचं नाव दिलं गेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह आगीत भस्मसात झालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. जवळजवळ एकशेतीन वर्षांपूर्वी गेलेल्या, आज हयात असलेल्या कुणीही रंगमंचावर न पाहिलेल्या नटासाठी त्या रात्री कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले.

टिळकांची आठवण आमच्या भागानं कशी जपली, तेही सांगायला हवं. पांढरकवड्याच्या शेजारचं वणी हे बापूजी अणे यांचं जन्मगाव. १९०५ पर्यंत आजच्या यवतमाळ जिल्ह्याचं नावच वणी जिल्हा असं होतं. लोकनायक अणे टिळकांचे अनुयायी, यवतमाळचे वकील. ‘लोकमत’ हे नाव १९१८ साली त्यांच्या यवतमाळच्या साप्ताहिकानंच प्रथम धारण केलं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचं सदस्यपद, बिहारचं राज्यपालपद, सगळं भोगून झाल्यावर या माणसानं उतारवयात एक काम हाती घेतलं. आपल्या नेत्याचं चरित्र त्यानं संस्कृत काव्यात लिहायला घेतलं. ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ हे ते हजारो श्लोकांचं महाकाव्य. अणे २६ जानेवारी १९६८ ला गेले. त्या काव्याला १९७३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा तो घ्यायला कवी नव्हता. टिळक जाऊन अर्धशतक उलटलं होतं. गेलेल्या माणसावरचं प्रेम इतकी वर्षं कामाला लावता येतं, हे वणीच्या मातीनं दाखवून दिलं आहे. दुर्दैवानं ही गोष्ट आमच्याच भागातल्या पुष्कळ मुलांना माहीत नसते.

बालगंधर्वांचं सगळ्यांना ठाऊक आहे. १५ जुलै १९६७ ला ते गेले, अखेरची वर्षं हलाखीत काढून. पुण्यातल्या त्यांच्या नावाच्या रंगमंदिराचं भूमिपूजन मात्र त्यांच्याच हस्ते १९६२ साली झालं होतं. जिवंतपणी हा मान मिळालेले फार थोडे.

बालगंधर्व गेले त्याच्या पुढच्याच वर्षी विदर्भावर मोठा घाव बसला. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराज गेले, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी. ते संत होते, समाजसुधारक होते, आणि हेही विसरू नये की ते आपल्या भागातले फार मोठे लोककलावंत होते. एका खंजिरीवर हजारोंची सभा तासन्‌तास बांधून ठेवणारा दुसरा माणूस विदर्भानं पाहिला नाही. त्यांच्या पुण्यतिथीला मोझरीला लाखो लोक जमतात आणि बरोबर ४ वाजून ५८ मिनिटांनी जो जिथे असेल तिथे स्तब्ध उभा राहतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या गावागावांतली गुरुदेव सेवा मंडळाची माणसं भगव्या टोप्या घालून या सोहळ्याला जातात. भाषण नाही, घोषणा नाही. पण तिथे उभा राहिलेला माणूस गावी परत येऊन सामुदायिक प्रार्थना चालवतो, भजन म्हणतो, ग्रामसफाईला हात लावतो. मौन आणि काम यांची अशी सांगड मला दुसरीकडे फारशी दिसलेली नाही.

पैनगंगेपलीकडे रीत निराळी. २४ डिसेंबर १९८७ ला मद्रासमध्ये नट आणि मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन गेले तेव्हा दंगली झाल्या, कित्येकांनी जीव दिला. १८ जानेवारी १९९६ ला तसेच नट आणि माजी मुख्यमंत्री एन. टी. रामाराव गेले आणि हैदराबादेत जनसागर उसळला. पांढरकवडा या दोन्ही जगांच्या शिवेवर आहे. इथल्या तेलुगू घरांत रामारावांचा कृष्ण देवघरातल्या कृष्णाइतकाच ओळखीचा. मराठी माणसानं नटाला डोक्यावर घेतलं, पण त्याला गादीवर बसवलं नाही, देव केलं नाही. आमचं दुःख घरातलं माणूस गेल्यासारखं असतं: मोजकं बोलणारं, आणि दिवस संपले की कामाला लागणारं. मला ही रीत मनापासून आवडते.

१९८६ हे वर्ष मराठी रसिकांना फार जड गेलं. मार्चमध्ये घाणेकर आणि १३ डिसेंबरला स्मिता पाटील. तिचंही वय ३१, केशवरावांइतकंच. बाळंतपणानंतर जेमतेम दोन आठवड्यांत ती गेली. ‘जैत रे जैत’मधली तिची चिंधी आणि ‘उंबरठा’मधली सुलभा लोकांनी पाहिली होती. त्या वर्षी ज्यांनी या दोन बातम्या वाचल्या, त्यांच्या मनात त्या जोडीनंच राहिल्या आहेत. पण पुढे दोघांच्या आठवणींची वाट वेगळी झाली. स्मिताचे चित्रपट राहिले. ‘मिर्च मसाला’ तर ती गेल्यावर लोकांसमोर आला. ती गेल्यावर कित्येक वर्षांनी जन्मलेली मुलगीही तिला आज पाहू शकते. घाणेकरांचा लाल्या तिला कुठे दिसणार? २०१८ च्या दिवाळीत त्यांच्यावरचा चित्रपट आला, सुबोध भावे यांनी भूमिका केली, आणि नव्या पिढीला निदान नाव कळलं. थिएटरात शेजारी बसलेले आजी-आजोबा मात्र पडद्यावर दुसरंच काही पाहत होते, स्वतःच्या तरुणपणी पाहिलेलं.

नाटकातली आठवण टिकवण्याचा एक रस्ता आणखी आहे आणि तो वऱ्हाडच्याच एका सुपुत्रानं दाखवला. वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे, जन्म २ मे १९२०. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेलं ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ च्या डिसेंबरात आलं आणि खाँसाहेब म्हणजे वसंतराव हे समीकरण होऊन बसलं. ३० जुलै १९८३ ला ते गेले. आता ‘कट्यार’ कोण करणार, असं लोक म्हणत. नातू राहुल देशपांडे यांनी २०१० मध्ये ती भूमिका पुन्हा उभी केली, २०१५ साली नाटकावर चित्रपट झाला, आणि आजोबांच्या वेळी जन्मलेलीही नसलेली पोरं ती पदं गुणगुणू लागली. आजोबांसारखं गाणं झालं की नाही यावर जुने रसिक वाद घालतात. घालू द्या. वाद घालायला नाटक जिवंत आहे, हेच महत्त्वाचं.

विदर्भाच्या मातीत आणखी एक कलावंत असाच कामावर असताना गेला. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात लोकशाहीर विठ्ठल उमप मंचावरच कोसळले. आयुष्यभर बाबासाहेबांचं आणि बुद्धाचं गाणं गायलेल्या शाहिराला मरण आलं ते दीक्षाभूमीवर. ‘जांभूळ आख्यान’मधलं त्यांनी रंगवलेलं द्रौपदीचं नाट्य ज्यांनी पाहिलं, ते अजून त्यांच्याविषयी बोलताना उठून उभे राहतात. त्यांच्या मुलांनी ते आख्यान पुढे चालवलं आणि त्यांच्या स्मृतिदिनी मृद्गंध पुरस्कार देण्याचा शिरस्ता घातला. करोनाच्या काळात २२ सप्टेंबर २०२० ला अभिनेत्री आशालता वाबगावकर साताऱ्यात गेल्या, त्याही मालिकेच्या चित्रीकरणासाठी घराबाहेर असताना. त्यांना निरोप द्यायला चाहत्यांना जमताही आलं नाही.

त्याच वर्षी २९ एप्रिलला अभिनेते इरफान खान गेले. इगतपुरीजवळच्या आदिवासी पाड्यातल्या लोकांनी, ज्यांच्या मुलांना त्यांनी पुस्तकं, कपडे, रुग्णवाहिका दिली होती, आपल्या वस्तीचं नाव ‘हिरोची वाडी’ ठेवलं. सरकारी आदेशाची वाट त्यांनी पाहिली नाही.

आता नट गेला की पाच मिनिटांत बातमी हातातल्या फोनवर येते. पांढरकवड्यात आणि पुण्यात एकाच क्षणी. तासाभरात शेकडो फोटो, त्यावर हात जोडलेली चिन्हं, आणि संध्याकाळपर्यंत दुसरीच बातमी. फोन वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. ६ फेब्रुवारी २०२२ ला लताबाई मंगेशकर गेल्या तेव्हा याच फोनवर लोकांनी रात्रभर एकमेकांना गाणी पाठवली, आणि ते खरं दुःख होतं. पण जो तो फोटो पाठवतो. ‘मी त्यांना अमुक साली अमुक गावी पाहिलं’ असं लिहिणारा क्वचितच भेटतो. नेमकं तेच लिहायला हवं आहे. फोटो सगळ्यांकडे आहे. तुम्ही पाहिलेली ती रात्र फक्त तुमच्याकडे आहे.

म्हणून केळापूर, वणी, घाटंजी, यवतमाळ, अमरावती इथल्या वाचकांना माझी विनंती आहे. साठ-सत्तरच्या दशकात ज्यांनी विशीत नाटकं पाहिली, ती माणसं आज ऐंशीच्या आसपास आहेत. घरात असं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. कुठलं नाटक, कुठल्या गावी, कुठल्या मैदानात की थिएटरात? तिकीट किती आण्याचं किंवा रुपयाचं? कोणाबरोबर गेलात, बैलगाडीनं की एस.टी.नं, परत कसे आलात? नट दिसायला कसा, आवाज कसा, कुठल्या प्रवेशाला टाळ्या पडल्या? तो नट गेल्याचं कसं कळलं, कोणी सांगितलं? ते सांगतील तसं, त्यांच्याच बोलीत, तारखेसह वहीत लिहून घ्या. जमलं तर आवाजही टिपून ठेवा. एक प्रत गावातल्या वाचनालयात द्या आणि एक विदर्भ साहित्य संघाच्या जवळच्या शाखेत. १९८६ च्या त्या शेवटच्या दौऱ्यात ज्यांनी घाणेकरांना पाहिलं असेल, त्यांनी तर आधी लिहावं. हे काम पुढच्या दहा वर्षांत झालं नाही, तर नंतर कुणालाही करता येणार नाही.